चित्र आणि शब्द : वाचलेलें समजावें कसें ?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत एक माता शाळेच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. तिच्या हातांत चार घड्या पडलेला एक कागद होता. तिच्या वृद्ध सासूबाईंस डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या कशा घ्याव्या हें औषधाच्या दुकानांतील माणसानें त्या कागदावर स्वच्छ मराठींत लिहून दिलें होतें : 'एक दिवसाआड एक गोळी, जेवणानंतर.' मातेस वाचतां येत नव्हतें. तिनें तो कागद आपल्या मुलापुढें धरला. मुलगा आमच्याच शाळेंत सातव्या इयत्तेंत शिकणारा. त्यानें तो न अडखळतां, खणखणीत आवाजांत वाचून दाखविला. त्या दिवसापासून आजींस रोज जेवणानंतर एक गोळी मिळूं लागली. पांचव्या दिवशीं त्यांस घेरी आली, आणि डॉक्टरांकडे नेल्यावर चूक उघडकीस आली. सुदैवानें आजी लवकरच बऱ्या झाल्या.

माता आम्हांस दोष देण्यास आली नव्हती. तिनें एवढेंच विचारलें, "गुरुजी, पोरगा वाचतो तर घडाघडा. मग कागदांत काय सांगितलंय तें त्याला कां नाहीं कळलं ?"

त्या वेळीं या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. आदल्याच वर्षीं प्रकटवाचनाचें पहिलें बक्षीस याच मुलास मिळालें होतें, आणि तें आम्हींच दिलें होतें.

विद्यार्थिमित्रांनो आणि पालकहो, या लेखांत आम्ही त्या मातेच्या प्रश्नाचाच विचार करणार आहों. ज्यास आपण वाचन म्हणतों त्यांत दोन निराळीं कामें असतात. अक्षरें ओळखून त्यांचा शुद्ध उच्चार करणें हें पहिलें काम. आणि त्या शब्दांवरून लिहिणाराच्या मनांतील गोष्ट आपल्या मनांत उभी करणें हें दुसरें. पहिलें काम कानांस ऐकूं येतें, म्हणून त्याची परीक्षा सोपी. दुसरें काम मनाच्या आंत चालतें. तें झालें कीं नाहीं हें मुद्दाम विचारल्यावांचून कळत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यास 'दिवस' हा शब्द ठाऊक होता. 'आड' हाहि ठाऊक होता. पाणी काढण्याचा आड त्यानें आजोळीं पाहिला होता, आणि झाडाआड लपण्याचा खेळ तर तो रोज खेळत होता. परंतु दिवसांची एक रांग आहे, तींतील एक दिवस गोळीचा, त्यापुढचा रिकामा, त्यापुढचा पुन्हां गोळीचा, असें चित्र त्याच्या मनांत उमटलें नाहीं. शब्द तोंडांतून बाहेर पडले, पण मनांत चित्र उभें राहिलें नाहीं; सारा घोटाळा एवढ्यांतच आहे.

मनांत चित्र उमटत नसेल तर कागदावरील चित्राची मदत घ्यावी, हा विचार सहजच सुचतो. तो नवाहि नाहीं. आज ज्यास चेक प्रजासत्ताक म्हणतात त्या देशांतील मोराव्हिया प्रांतांत १५९२ सालीं कोमेनियस नांवाचा एक थोर शिक्षक जन्मास आला. तो धर्मोपदेशकहि होता. युरोपांतील तीस वर्षांच्या युद्धामुळें त्यास मायदेश कायमचा सोडावा लागला. १६५६ सालीं पोलंडांतील लेश्नो हें गांव जळालें तेव्हां त्याचीं पुष्कळ हस्तलिखितेंहि भस्मसात् झालीं. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६५८ सालीं, न्यूरेंबर्ग येथें त्याचें 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. डोळ्यांस व इतर इंद्रियांस जाणवणारें जग चित्रांत दाखवावें, असा त्याचा हेतु. लॅटिन व जर्मन या दोन भाषांत लिहिलेल्या या पुस्तकांत सुमारें दीडशें धडे असून प्रत्येक धड्याच्या माथ्यावर चित्र आहे. दुसऱ्याच वर्षीं तें इंग्रजींतहि आलें.

मुलांच्या सचित्र पुस्तकांचा इतिहास सांगतांना या ग्रंथाचा उल्लेख नेहमीं होतो. परंतु आम्हांस त्यांतील सर्वांत मोलाची गोष्ट चित्रें ही वाटत नाहीं. चित्रांत घातलेले बारीक आंकडे ही वाटते. चित्रांतील प्रत्येक वस्तूशेजारीं एक आंकडा आहे, आणि खालच्या मजकुरांत त्या वस्तूच्या नांवाशेजारीं तोच आंकडा छापलेला आहे. मूल आंकडा धरून चित्रावरून शब्दाकडे येतें व शब्दावरून पुन्हां चित्राकडे जातें. चित्र हा एक कांठ, शब्द हा दुसरा, आणि आंकडा हा त्या दोहोंमधील सांकव. सांकव नसेल तर दोन्ही कांठ असूनहि मूल ज्या कांठावर उभें असेल तेथेंच राहतें.

आपल्याकडेहि ही विद्या जुनीच आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी म्हणून गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा चालत आली असून पूर्वीं सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. रामायण-महाभारतांतील एकेका आख्यानाच्या सुट्या चित्रांच्या संचास ते लोक 'पोथी' म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढें धरतो आणि वाद्यांच्या साथीनें गाऊन व सांगून ती कथा पुढें नेतो. या परंपरेंतील श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, चित्र श्रोत्यांच्या हातीं देऊन कथेकरी उठून जात नाहीं. चित्र एका जागीं स्थिर असतें. त्यांतला वीर बाण कां सोडीत आहे, त्याच्या मनांत राग आहे कीं दुःख, हें कथेकऱ्याच्या शब्दांनीं कळतें. पिंगुळीच्या चित्रकथींत तो सांकव कथेकऱ्याची वाणी हा आहे.

पुढें छापखाने आले आणि मुलांसाठीं मासिकें निघालीं. अमेरिकन मिशनचें 'बालबोधमेवा' १८७३ सालीं, विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' १८८१ सालीं आणि वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' १९०६ सालीं सुरू झालें. गोष्टीबरोबर चित्र हवें, ही रीत हळूहळू रूढ झाली. आज तर पाठ्यपुस्तकाचें पान रंगीत चित्रावांचून क्वचितच सांपडतें. मग चित्रांचा इतका सुकाळ असूनहि आमच्या विद्यार्थ्यास चार शब्दांचा अर्थ कां लागूं नये ?

याचें उत्तर आम्हांस आमच्याच एका फसलेल्या प्रयोगानें दिलें. त्या मातेच्या भेटीनंतर आम्हीं मोठ्या उत्साहानें ग्रंथालयांतील सचित्र गोष्टींचीं पुस्तकें काढून सातवीच्या वाचनाच्या तासास आणलीं. मुलें आनंदलीं. पुस्तकें वांटलीं गेलीं, अर्धा तास वर्गांत चिडीचूप शांतता होती, आणि आम्ही मनांत म्हटलें, आतां साधलें. मग एका गोष्टीविषयीं विचारलें. त्या गोष्टींत एका झोंपडीच्या दारांत वाघ उभा असल्याचें मोठें रंगीत चित्र होतें. दहा-बारा हात वर झाले. वाघ गांवांत शिरला, वाघानें शेळी पळविली, मुलानें काठी उचलली, अशी एकाहून एक सरस वर्णनें निघालीं. वस्तुतः गोष्टीच्या पहिल्याच ओळींत स्पष्ट छापलें होतें कीं, त्या मुलास स्वप्न पडलें होतें. ती ओळ एकानेंहि ध्यानांत घेतली नव्हती. मुलांनीं चित्र वाचलें होतें, गोष्ट वाचलीच नव्हती. पूर्वीं तीं शब्द बोलत व अर्थ सोडीत. आतां तीं चित्र पाहत व शब्दहि सोडीत. आम्हीं रोगावर औषध म्हणून जें दिलें त्यानें रोगास नुसतें रंगीत पांघरूण घातलें.

हा अनुभव केवळ आमचाच नाहीं. जे सॅम्युएल्स या अमेरिकन संशोधकानें १९६७ सालीं नव्यानें वाचूं लागलेल्या मुलांवर असे प्रयोग केले. कांहीं मुलांस नवे शब्द चित्रांसह शिकविले, कांहींस चित्रांवांचून. आणि मागाहून चित्रें काढून घेऊन परीक्षा घेतली. चित्रांवांचून शिकलेल्या मुलांस अधिक शब्द ओळखतां आले. वर्गांतील वाचनांत तर असें दिसलें कीं, ज्यांचें वाचन कच्चें होतें त्यांचेंच नुकसान चित्रांनीं झालें. ज्यांचें पक्कें होतें त्यांस विशेष फरक पडला नाहीं. कारण उघड आहे. अक्षरें जुळविणें हें कष्टाचें काम. शेजारीं चित्र असलें म्हणजे मूल अक्षरांकडे न पाहतां चित्रावरूनच शब्द सांगून मोकळें होतें. नदींत पोहूं शिकणारानें नावेंतच बसून राहावें, तसा हा प्रकार होतो.

म्हणून चित्रें टाकून द्यावीं काय ? तसेंहि नाहीं. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोघां संशोधकांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतींत फार उद्बोधक आहे. त्यांनीं विद्यार्थ्यांस एक लहानसा उतारा ऐकविला. त्यांतील प्रत्येक शब्द सोपा, प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध. तरी सर्व मिळून अर्थ कांहींच लागूं नये, अशी त्याची रचना होती. फुगे फुटले तर आवाज पोंचणार नाहीं, खिडकी बंद असली तरी पोंचणार नाहीं, तार तुटली तरीहि अडचण येईल, अशा धर्तीचीं तीं वाक्यें. कांहीं विद्यार्थ्यांस मात्र आधीं एक चित्र दाखविलें होतें : उंच इमारतीच्या वरच्या खिडकींत एक तरुणी, खालीं रस्त्यावर तंतुवाद्य घेऊन गाणारा तरुण, आणि त्याचें गाणें तिच्या खिडकीपर्यंत पोंचावें म्हणून फुग्यांच्या योगें वर चढविलेला ध्वनिक्षेपक. एवढें चित्र पाहिलें कीं उताऱ्यांतील प्रत्येक वाक्य लख्ख उजळतें.

उताऱ्यांत एकंदर १४ मुद्दे होते. चित्र न पाहतां उतारा ऐकणाऱ्यांस सरासरीनें ३.६ मुद्दे आठवले; आधीं चित्र पाहून ऐकणाऱ्यांस ८ आठवले. याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी पुढेंच आहेत. कांहींस उतारा ऐकून झाल्यावर तेंच चित्र दाखविलें, त्यांस ३.६ मुद्देच आठवले, म्हणजे चित्राचा लाभ शून्य. आणखी कांहींस आधींच एक चित्र दाखविलें, परंतु त्यांत फुगे, ध्वनिक्षेपक, तरुण, तरुणी या सर्व वस्तू असूनहि त्यांची मांडणी बदललेली होती. कोणाचा कोणाशीं काय संबंध हें त्यावरून कळत नव्हतें. त्यांस जेमतेम ४ मुद्दे आठवले.

यावरून आम्ही दोन धडे घेतले. पहिला असा कीं, अर्थासाठीं चित्राचा उपयोग व्हावयाचा तर तें वाचनाच्या आधीं नीट पाहिलें पाहिजे. मागाहून शोभेसाठीं पाहिलेलें चित्र अर्थ देत नाहीं. दुसरा असा कीं, चित्रांत कोणकोणत्या वस्तू आहेत हें सांगतां येणें म्हणजे चित्र समजणें नव्हे. त्या वस्तूंचा परस्परांशीं संबंध काय, हें कळणें म्हणजे समजणें. 'चित्रांत काय काय दिसतें ?' हा आमचा नेहमींचा प्रश्न त्यामुळें अपुरा ठरला. घर, झाड, गाय, अशी यादी मूल करतें आणि आपण 'शाबास' म्हणतों. परंतु त्या यादींत गोष्ट नसते.

आतां हे धडे ध्यानांत ठेवून आम्ही वर्गांत पाठ कसा घेतों तें एका उदाहरणानें सांगतों. पुढील लहानशी गोष्ट आम्हीं याच कामासाठीं रचली, आणि चित्रकलेंत गति असलेल्या एका विद्यार्थिनीनें तिचीं दोन चित्रें काढून दिलीं. गोष्ट अशी :

'दिवस मावळला तशी आजीनें ओटीवर कंदील लावून ठेवला. शेजारीं पाण्यानें भरलेला तांब्या ठेवून त्यावर फुलपात्र झांकलें. नातू म्हणाला, "आजी, आज तर लख्ख चांदणें आहे. कंदील कशाला ?" आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें वात जराशी वर केली. सकाळीं नातू उठून पाहतो तों तांब्या रिकामा. आजी हंसली, आणि तिनें तांब्या पुन्हां भरून ठेवला.'

पहिल्या चित्रांत नदीकांठचें एक घर आहे. आकाशांत चंद्र, ओटीवर कंदील व तांब्या, आणि दूर पलीकडच्या तीरावरून माणसें घेऊन निघालेली एक होडी. दुसऱ्या चित्रांत सकाळ आहे. ओटीवर चिखलाचीं पावलें उमटलेलीं, आणि तीं पायवाटेनें डोंगराकडे गेलेलीं.

पहिली पायरी : पुस्तक मिटून केवळ पहिलें चित्र दोन मिनिटें मुकाट्यानें पाहावयाचें. मग आम्ही विचारतों, 'कोणती वस्तु कोणासाठीं आहे ? यापूर्वीं काय घडलें असेल ? पुढें काय घडेल ?' प्रत्येकानें आपला तर्क वहींत एका ओळींत लिहावयाचा. तर्क चुकला तरी चालेल. परंतु तो लिहिलेला हवा, म्हणजे मागाहून बदलतां येत नाहीं.

दुसरी पायरी : चित्र झांकून गोष्ट मनांतल्या मनांत वाचावयाची. येथें चित्र झांकणें फार महत्त्वाचें. तें उघडें राहिलें तर वाघाच्या गोष्टीची गत होते.

तिसरी पायरी : आपला तर्क खरा ठरला कीं खोटा, हें शब्दावर बोट ठेवून दाखवावयाचें. 'मला वाटतें' एवढें म्हणणें पुरेसें नाहीं; 'या शब्दावरून' असें म्हणतां आलें पाहिजे. कोमेनियसच्या चित्रांतील आंकड्याचें काम आमच्या वर्गांत बोट करतें.

चौथी पायरी : एका वहींत मध्यें उभी रेघ ओढून डावीकडे 'चित्र सांगतें, शब्द सांगत नाहींत' आणि उजवीकडे 'शब्द सांगतात, चित्र सांगत नाहीं' असे दोन रकाने करावयाचे. या गोष्टींत होडी फक्त चित्रांत आहे आणि चिखलाचीं पावलेंहि फक्त चित्रांतच आहेत. आजीचें गप्प राहणें मात्र शब्दांनींच कळतें. आणि एक चिमुकला शब्द असा आहे कीं, तो कोणत्याहि चित्रांत काढतां यावयाचा नाहीं. पहिल्या वेळीं ही गोष्ट वर्गांत वाचली तेव्हां तो कोणाच्याच ध्यानांत आला नाहीं. मग मागच्या बांकावरील एक मुलगी, जी सहसा तोंड उघडीत नाहीं, हळूच उठली व म्हणाली, "गुरुजी, 'पुन्हां' लिहिलंय. म्हणजे आजी हें रोज करते." क्षणभर वर्ग स्तब्ध झाला, आणि मग सर्वांच्या चेहऱ्यांवर एकदम उजेड पडला. कंदील चांदण्यासाठीं नव्हता, नातवासाठीं नव्हता. शेवटच्या होडीनें उतरून डोंगराकडे जाणाऱ्या अनोळखी वाटसरूंसाठीं तो रोज लावला जात होता. होडी चित्रानें दिली, 'पुन्हां' हा शब्द पुस्तकानें दिला. दोन्ही जोडल्यावर आजी कळली. ज्या अर्थाविषयीं गोष्टींत एकहि वाक्य लिहिलेलें नाहीं तो अर्थ वाचकानें स्वतः जोडून घेणें, यासच आकलन म्हणतात.

पांचवी पायरी सर्वांत शेवटची, पण तीच खरी. वर्गास चित्र नसलेला उतारा द्यावयाचा, आणि तो वाचून प्रत्येकानें आपलें चित्र स्वतः काढावयाचें. चित्र सुबक असण्याची गरज नाहीं. रेघोट्या व चौकटी चालतील. कोण कोठें आहे, आधीं काय व नंतर काय, एवढें त्यांत आलें म्हणजे पुरे. मुलाचें चित्र पाहतांच त्यास काय समजलें व काय निसटलें हें शिक्षकास तत्काळ दिसतें. जें मनाच्या आंत घडतें म्हणून तपासतां येत नाहीं असें आम्ही वर म्हटलें, तें येथें कागदावर उतरतें. पुस्तकांतील चित्र ही पांगुळगाड्यासारखी वस्तु आहे. पाय फुटेपर्यंत ती हवी; परंतु जन्मभर तीच ढकलीत राहावें असा कोणाचा बेत नसतो.

हे पाठ आठवड्यांतून दोन तास याप्रमाणें आम्ही वर्षभर घेतले. सर्व मुलें एकाएकीं पंडित झालीं असें आम्ही म्हणणार नाहीं. कांहीं अजूनहि चित्र पाहून गोष्ट ठोकून देतात. कांहींस अक्षरेंच जड जातात, त्यांस आधीं अक्षरांचा सराव हवा, आणि तो चित्रांवांचूनच द्यावा लागतो. परंतु वर्गांत एक बदल झाला आहे. 'हें तुला कशावरून कळलें ?' हा प्रश्न पूर्वीं आम्हीच विचारीत होतों. आतां मुलें एकमेकांस विचारतात. केव्हां केव्हां तीं तो आम्हांसहि विचारतात, आणि तेव्हां आम्हांसहि पुस्तक उघडून शब्दावर बोट ठेवावें लागतें.

आतां पालकांशीं दोन शब्द. घरीं मूल वाचत बसलें कीं 'मोठ्यानें वाच' असें आपण म्हणतों, आणि तें घडाघडा वाचूं लागलें कीं निश्चिंत होतों. आमचें सांगणें असें कीं, त्यापुढें दोनच प्रश्न आणखी विचारावे : 'पुढें काय होईल असें तुला वाटतें ?' आणि 'हें कशावरून ?' मुलानें उत्तर दिलें कीं त्याचेंच उत्तर थोडें वाढवून त्यास परत सांगावें आणि पुढें जावें. व्हाइटहर्स्ट या अमेरिकन संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं लहान मुलांच्या पालकांस चित्रांच्या पुस्तकांतून याच तऱ्हेनें प्रश्न विचारण्यास शिकविलें, आणि महिनाभरांतच त्या मुलांची भाषा इतर मुलांपेक्षां पुढें गेल्याचें त्यांस आढळलें. तेथें पालक वाचीत व मूल उत्तरें देई. आमच्याकडील मुलें मोठीं, म्हणून तीं स्वतः वाचतील आणि पालकांनीं विचारावें.

कांहीं पालकांच्या मनांत येईल कीं, आम्हांसच वाचतां येत नाहीं, आम्ही मुलाची परीक्षा काय घेणार ? त्यांस आमचें आदरपूर्वक सांगणें आहे कीं, हे दोन प्रश्न विचारण्यास अक्षरओळख लागत नाहीं. चित्र तुम्हांसहि दिसतें, आणि संसाराचा अनुभव तुम्हांपाशीं मुलापेक्षां अधिक आहे. मुलानें गोष्ट सांगतांना कोठें धागा तुटला तर तो तुमच्या कानांस तत्काळ जाणवेल. 'असें कसें झालें असेल ? पुन्हां वाच बरें,' एवढें तुम्हीं म्हटलें कीं मूल शब्दांकडे परत जाईल. आणि शब्दांकडे परत जाणें हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतु आहे. मोबाईलच्या पडद्यावरचीं धांवतीं चित्रें मुलास थांबूं देत नाहींत, मागें वळूं देत नाहींत. पुस्तकांतलें चित्र थांबतें. म्हणून त्यापाशीं बसून बोलतां येतें.

शेवटीं, ज्या मुलापासून आम्हीं आरंभ केला त्याच्याविषयीं. शाळेचें वर्ष संपण्यापूर्वीं ती माता पुन्हां एकदां आली. या खेपेसहि तिच्या हातांत कागद होता. आजींस डॉक्टरांनीं नवी गोळी दिली होती, तीहि एक दिवसाआडच घ्यावयाची. कागद मुलानें वाचला. परंतु वाचून तो तसाच आईच्या हातीं दिला नाहीं. त्याच्या पाठीमागें त्यानें पेन्सिलीनें चौदा चौकटी आंखल्या होत्या, सात वर व सात खालीं. पहिल्या चौकटींत वाटोळी गोळी, दुसरी रिकामी, तिसरींत गोळी, चौथी रिकामी. वरच्या ओळींत सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार या चार दिवशीं गोळी आली होती. खालच्या ओळींत मंगळवार, गुरुवार आणि शनिवार या तीन दिवशीं. आठवडा बदलतांच वार बदलतात, हें त्यास कोणीं सांगितलें नव्हतें. चौकटी भरतां भरतां तें त्याचें त्यालाच कळलें होतें. कागदाच्या कोपऱ्यांत जेवणाचें एक ताट काढलेलें होतें, आणि ताटाच्या उजव्या अंगास, म्हणजे जेवणानंतर, एक गोळी.

माता म्हणाली, "आतां मलाहि वाचतां येतं, गुरुजी." आणि तिनें एकेका चौकटीवर बोट ठेवीत तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्हांस वाचून दाखविला.